चाळीस टक्के

तापकीर गल्लीतून आणलेलं सामान असं:
एक लोहचुंबक, नखाएवढा,
एक सेन्सर, काडेपेटीएवढा बोर्ड,
आणि दुकानदाराचा सल्ला, जो मागितला नव्हता:
"उघडं की बंद, एवढं कळलं की पुरे की साहेब.
मधलं कशाला हवंय?"

मला मधलंच हवं होतं.
आमचं गॅरेज सहकारनगरात, तळजाईच्या उताराला,
शटर बावीस वर्षांचं, मोटर गेल्या दिवाळीतली.
दांड्यावर चुंबक चिकटवला. दांडा फिरतो,
सेन्सर मोजतो: एक, दोन, तीन.
दोनशे बारा म्हणजे पूर्ण वर.
त्याची टक्केवारी काढणारी ओळ
मी तीनदा चुकलो. भागाकार शाळेपासूनच असा.

मग फोनवर एक छोटं दार आलं.
खरं दार सरकलं की तेही सरकायचं,
जरासं उशिरा,
लग्नघरात बापाच्या मागोमाग
सगळ्यांच्या पाया पडत जाणाऱ्या पोरासारखं.

गुरुवारी लाइट जाते.
परत येते तेव्हा बोर्ड सगळं विसरलेला असतो,
आणि आकड्याच्या जागी लिहून येतं: माहीत नाही.
मला हे फार आवडलं.
या शहरात पत्ता विचारून बघा,
"माहीत नाही" म्हणालंय कधी कुणी?
ज्याला ठाऊक नाही तोही
दोन सिग्नल सोडून डावीकडे पाठवतो.
आणि हा चारशे रुपयांचा बोर्ड
सरळ हात वर करतो.
त्याला पुन्हा मोजायला लावायचं
तर दार एकदा खाली आणावं लागतं.
जमिनीला टेकलं की शून्य सापडतं.

नोंदी मी बघत नव्हतो. खरंच.
मी टेकडीवर निघतो तेव्हाचं साडेपाचचं उघडणं
उमटतं का, एवढंच बघायला गेलो,
तर त्याच्या वरच्या ओळींत:
एक बावन्न. शून्यावरून चाळीस. थांबलं. पुन्हा शून्य.
चार सतरा. शून्यावरून चाळीस. थांबलं. पुन्हा शून्य.
मागच्या मंगळवारी तसंच.
त्याच्या आधीच्या शनिवारीही.

मांजर म्हणावं, तर मांजराला बटण दाबता येत नाही.
चोर म्हणावं, तर चोर दार लावून जात नाही.

दुपारी मोटरची कडी काढून
शटर हाताने वर केलं, फोनकडे बघत.
छत्तीस. अडतीस. चाळीस.
एक्केचाळीसला ते किंचाळलं.
डावा रूळ, वळणापाशी चेपलेला, कोरडा ठणठणीत.
बावीस वर्षं ऐकतोय हा आवाज.
तो नेमका कुठे सुरू होतो
हे माझ्याआधी कुणीतरी मोजलं होतं,
सेन्सरशिवाय.

पुढच्या दाराशी तिच्या आईची झोप असते,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
म्हणून मधुजा इकडून जाते,
वाकून, बहुतेक चपला हातात घेऊन,
चोवीस वर्षांची, पाच फूट सात.

कुठे?
प्रश्न फोनवर लिहिला. पुसला.
जेवताना ओठांपर्यंत आणला, भाताबरोबर गिळला.
तिने आमटी मागितली, मी वाढली.

संध्याकाळी शिडी लावली.
दोन्ही रुळांना ग्रीस, बेअरिंगला तेल,
चेपलेला भाग लाकडी हातोडीने सरळ.
ती स्कूटर लावत होती. "काय चाललंय बाबा?"
"आवाज फार करतं गं. लोकांच्या झोपा मोडतात."
ती माझ्या काळ्या बोटांकडे बघत राहिली.
मग शिडी धरून उभी राहिली, न सांगता.

शनिवारी, एक अठ्ठेचाळीस: शून्यावरून शंभर.
ताठ चालत गेली असणार.

तीनला लाइट गेली, लगेच आली.
फोनवर: माहीत नाही.
आता दार एकदा जमिनीला टेकेपर्यंत
त्यालाही काही सांगता येणार नाही, मलाही.
तळजाईवर पहिला मोर ओरडला.
शेजारी तिची आई कूस बदलते.
मी कान देऊन पडलोय.
ग्रीस जरा जास्तच चांगलं लागलंय.